वहिनींनी चाखलेला दुधी

नवऱ्याने चिरायच्या फळीवरची एक फोड उचलून तोंडात टाकली, चावली आणि घाईघाईने जाऊन सिंकमध्ये थुंकली.

“अगं, काय हे! जीभ सोलून निघाली माझी.”

थोरल्या सुनेच्या हातातली सुरी अर्ध्या दुधीत थांबली.

“काहीतरीच तुमचं. आत्ता दात घासून आलात, म्हणून लागलं असेल तसं.”

“टूथपेस्ट गोड असते, बाई. हे कडूजहर आहे.” त्याने खळाखळा चुळा भरल्या, जीभ बाहेर काढून पंचाच्या टोकाने पुसली. “तू चाखला नाहीस का?”

“चाखला की.”

“मग?”

तिने देठाकडच्या बाजूने एक पातळ चकती कापली, तोंडात धरली आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिली. दाताखाली कुरकुर झाली, थंड पाणी सुटलं. बस्स. त्यापुढे काही नाही. थंडीत आलेला ताप उतरल्यापासून प्रत्येक घास असाच होता. ओला कागद चघळावा तसा.

“काय, कडू नाही?” नवरा तिच्या तोंडाकडे बघत होता.

थोरलीने चकती हातावर काढून घेतली आणि पदराला हात पुसला. वेलाला पहिल्याच खेपेला दोन दुधी धरले होते. जुळ्यांसारखे. पहाटे तिने दोन्ही तोडले. एक घरात ठेवला आणि दुसरा कापडी पिशवीत घालून, फिरायला जाता जाता, पलीकडच्या गल्लीत दिराच्या दाराच्या कडीला अडकवून आली. नेहमीसारखाच. देठाजवळून एक कपची काढलेला. ती खाच दिसली, की वहिनींनी चाखलाय हे कळे आणि त्या घरात पुढचा काही विचार होत नसे.

“भाऊजींकडे दिलाय दुसरा,” ती म्हणाली.

नवऱ्याचा पंचा हातातच राहिला.

दीर शिंपी होता. हृदयाच्या दुखण्यातून उठून त्याला अजून पुरते दोन महिने झाले नव्हते. इस्पितळातून घरी आल्यापासून त्याने रोज सकाळी कच्च्या दुधीचा रस घ्यायचा नेम धरला होता. कुणी सांगितलं कोण जाणे, पण एकदा त्याने मनावर घेतलं की घेतलं. नाक चिमटीत धरायचं आणि गटागटा ग्लास रिकामा करायचा. चवीला बरं लागणारं औषध म्हणजे फसवणूक, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे रस कडू लागला तर तो थुंकेल, याची काही खात्री नव्हती. उलट जास्त भक्तिभावाने प्यायला असता.

“फोन कर आधी,” नवरा म्हणाला. “मी गाडीची किल्ली बघतो.”

तिने फोन लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. मागचं दार उघडंच होतं. त्यातून वाफे दिसत होते. मेथीची ओळ, काठ्यांवर चढवलेले टोमॅटो, वांगी, आणि कोपऱ्यातल्या मांडवावर पसरलेला दुधीचा वेल. हिरवागार, अगदी दृष्ट लागावी असा. त्याच्या मागे शेजाऱ्याची भिंत. शेजारी दिवे बनवायचा. कडू भोपळे पिकवून, वाळवून, त्यांना जाळीसारखी भोकं पाडून आत दिवा लावायचा. घरात टांगला की भिंतीभर चांदण्या पडत. “ताई, दिसायला तुमच्या दुधीचा भाऊच, पण हा नुसता शोभेचा बरं का, पोटात गेला तर विष,” असं त्याने तिला बजावून सांगितलेलं होतं.

आणि मागच्या वर्षी एका संध्याकाळी काय झालं होतं, ते तिला त्या घंटीच्या आवाजात लख्ख आठवलं. दुधीचं फूल तिन्हीसांजेला उमलतं. किडे फिरकत नाहीत म्हणून ती स्वतःच नर फूल तोडून मादी फुलाला लावायची. फळ हमखास धरायचं. त्या दिवशी तिच्या वेलावर मादी फूल होतं, पण नर एकही नव्हतं. भिंतीवरून शेजाऱ्याचा वेल अलीकडे लोंबत होता. त्यावर एक होतं, तसंच पांढरं, तसंच नाजूक. तिने ते तोडलं. फूल फुकट जाऊ नये, एवढंच मनात होतं. त्या फुलाचा दुधी असा पोसला, की तो न तोडता तिने बियाणासाठी राखला. यंदाचा वेल त्याच बियांचा होता, म्हणजे अर्धा त्या कडू भोपळ्याचाच.

तिला हे आधी का सुचलं नाही? सुचलं नाही, कारण जिभेवर भरवसा होता. काय कमीजास्त असेल ते चाखताना कळेलच, ही वर्षानुवर्षांची सवय. जीभ गेली तरी सवय राहिली.

घंटी वाजतच होती. थोरली मनात वाक्य जुळवत होती. भाऊजी, तो दुधी टाकून द्या. का हो वहिनी? कडू निघाला. असं कसं, तुम्ही चाखला होता ना? इथपर्यंत येऊन वाक्य अडत होतं. या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून तिची ओळख होती ती हीच. पाहुणे यायचे असले की शेजारच्या बायकासुद्धा वाटी घेऊन यायच्या, ‘ताई, जरा मीठ बघता?’ दूध कालचं की आजचं, तूप कोणत्या आचेवर कढवलंय, सगळं तिला एका थेंबात कळायचं. तापानंतर दोन-चार दिवसांत चव परत येईल असं वाटलं होतं. मग दोन-चार आठवड्यांत. मग तिने वाट बघणं सोडून दिलं आणि सांगणंही राहून गेलं. चमच्याच्या मापाने स्वयंपाक करायला लागली. घास तोंडात घातला, की समोरच्यांचे चेहरे बघायला लागली.

घंटी बंद झाली. फोन कुणी उचलला नव्हता.

आणि थोरलीला क्षणभर हायसं वाटलं. पण फोन न उचलण्याचं कारण काय असणार? त्या घरात सकाळी या वेळी मिक्सर चालू असतो. मिक्सरच्या आवाजात त्यांना काही म्हणता काही ऐकू येत नाही.

“मी पुढे होते,” ती ओरडली आणि मागच्या दाराशी काढलेल्या चिखलाच्या चपला तशाच पायात घालून निघाली.

“अगं, गाडी काढतोय ना मी!”

“या तुम्ही मागून. फोन लावत राहा.”

गल्लीत शाळेची मुलं दप्तरं सावरत चालली होती. इस्त्रीवाल्याने कपड्यांचे गठ्ठे मांडले होते. कोपऱ्यावरच्या बाईने हात वर केला. “काय ताई, आज इतक्या लगबगीनं?”

“काही नाही, जरा...” थोरली म्हणाली आणि हसली. हसू कशाला आलं, तिचं तिलाच कळेना. देवा, अजून चिरला नसू दे. चिरला असेल तर प्यायला नसू दे. चालता चालता तिचं मागणं असं एकेक पायरी खाली उतरत होतं. प्यायला असेल तर थोडाच प्यायला असू दे.

दिराच्या घराशी आली तेव्हा मिक्सर बंद होता. पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. शिलाईच्या मशीनवर अर्धवट शिवलेली बाही होती, आणि तिच्या शेजारी स्टीलचा उंच ग्लास. दीर स्टुलावर बसून तोंड वाकडं करत होता.

“या वहिनी! दुधीपाठोपाठ दुधीवालीही आली!”

“भाऊजी, किती प्यायलात?”

“अर्धा झालाय. आज घशाखाली उतरता उतरत नाहीये बघा. या गोळ्यांनी माझं तोंड पार कामातून गेलंय. परवा चहासुद्धा कसनुसा लागला.” त्याने ग्लास उचलून आत बघितलं. “ही म्हणत होती, वास उग्र येतोय, टाकून द्या. मी म्हटलं, वेडी का खुळी तू? वहिनींनी चाखलाय तो. म्हणजे खोट आपल्या जिभेत.”

आतल्या दारात त्याची बायको, धाकटी, उभी होती. हाताला साबणाचा फेस, मिक्सरचं भांडं तसंच हातात.

“नका पिऊ तो,” थोरली म्हणाली.

“का?”

“तो... तोडताना खाली पडला होता. चिखलात.”

“ही काय न धुता वाटते होय?” दीर हसला आणि त्याने एक घोट घेतला. मान झटकली. “आई गं!”

“अहो भाऊजी, ठेवा तो! वेलावर... औषध मारलं होतं परवा.”

“तुम्ही? औषध?” आता तो मोठ्याने हसला. “अळ्या वेचून भिंतीपलीकडे सोडता तुम्ही. काय वहिनी, दुधी परत हवाय का? तसं सांगा, लाजता कशाला!” आणि त्याने पुन्हा ग्लास तोंडाकडे नेला.

धाकटी एकदा त्याच्याकडे, एकदा थोरलीकडे बघत होती.

थोरलीने पुढे होऊन ग्लासावर हात ठेवला. त्याच्या बोटांवरच पडला तिचा हात. एवढ्या वर्षांत तिने दिराला कधी असा हात लावला नव्हता. तो दचकला.

“मला चव कळत नाही, भाऊजी.”

“काय?”

“थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. मीठ नाही, साखर नाही, काही म्हणजे काही कळत नाही. तो दुधी मी चाखला, पण मला कळलं नाही. आमच्याकडचा कडू निघालाय. हाही कडूच आहे. तुमची जीभ खरं बोलतेय.”

 दिराने ग्लास मशीनवर ठेवला. ठेवताना तो बाहीवर लवंडला आणि हिरवट पाणी शिवणीवरून खाली ठिबकू लागलं. एरवी कापडावर थेंब पडला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, पण तो त्या डागाकडे बघतही नव्हता.

“जरा पडतो,” तो म्हणाला. उठला, आणि उठता उठता त्याच्या कपाळावर घाम डवरला. पोट धरून तो मोरीपर्यंत पोचला नाही. दारातच ओकला.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

इस्पितळात तिला तेच वाक्य पुन्हा सांगावं लागलं. आधी दारावरच्या नर्सला, मग तरुण डॉक्टरीण बाईंना, मग त्यांच्या वरच्या डॉक्टरांना. पहिल्यांदा ती ताप, थंडी, भिंतीवरचा वेल असं सगळं सांगू लागली. शेवटी एवढंच उरलं होतं, “दुधी कडू होता. मी चाखला, मला चव कळत नाही.” ते ऐकून डॉक्टर तिच्याकडे न बघता लिहीत राहिले. गाडीत नवराही एवढंच म्हणाला होता, “मलासुद्धा नाही सांगितलंस,” आणि मग पूर्ण रस्ता त्याने समोरची काच सोडून कुठे बघितलं नव्हतं.

“ब्लड प्रेशर फार खाली गेलंय,” डॉक्टरीण बाई पडद्याबाहेर येऊन म्हणाल्या. “त्यात यांचं हृदयाचं दुखणं ताजं आहे. सलाइन चालू केलंय. पुढचे काही तास लक्ष ठेवावं लागेल.”

“पण...” धाकटी म्हणाली.

“वाट बघू या,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

नवरा औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेला. बाकावर दोघी जावा उरल्या. मध्ये धाकटीची पर्स. समोरच्या भिंतीला पिवळा रंग, खाली स्ट्रेचर घासून गेल्याच्या काळ्या रेघा. पडद्यामागून मशीनचा टिक टिक आवाज येत होता. तो जरा लांबला, की थोरली श्वास धरून ठेवायची, आणि पुन्हा आला की सोडायची. धाकटीचंही तेच चाललं असावं. तिच्या हाताला कोपरापर्यंत साबण वाळून पांढरा झाला होता.

खूप वेळाने धाकटीने विचारलं, “थंडीपासून?”

“हो.”

“म्हणजे माझ्या माहेरचे जेवायला आले होते, तेव्हाही?”

थोरलीला आधी समजलं नाही. मग समजलं. धाकटीचे आईवडील, भाऊ, नवी भावजय. टेबलाभोवती सगळे दाटीवाटीने बसलेले. धाकटीने केलेल्या बटाट्याच्या रस्सा भाजीत मीठ दोनदा पडलं होतं, हे तिला फार उशिरा, कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. त्या वेळी एवढंच झालं होतं, की दिराने पहिला घास घेतला, ताट पुढे सरकवलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आणि थोरली म्हणाली होती, ‘छान झालीये हं भाजी. मला आणखी वाढ.’ तिने दोन वेळा मागून घेतली. थोरलीला आवडली म्हटल्यावर दिराने ताट परत ओढलं. सगळे मुकाट्याने जेवले. पाण्याचे जग तेवढे भराभर रिकामे होत होते.

“तेव्हाही,” थोरली म्हणाली.

धाकटी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“मी नंतर भांड्यातली चाखली. तोंडात धरवेना. आणि तुम्ही दोनदा घेतलीत.” ती थांबली. “त्याआधी किती वर्षं, ताई, मी काहीही केलं तरी तुम्ही एक तरी खोट काढायचात. हळूच काढायचात, पण सगळ्यांसमोर. जिरं करपलंय. आंबट जरा पुढे गेलंय. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, तुम्ही माझी बाजू घेतलीत. आईसुद्धा म्हणाली जाताना, तुझी जाऊ म्हणजे देवमाणूस आहे गं. मी तेव्हापासून तुम्हाला...”



थोरलीच्या तोंडात उत्तर तयार होतं. घेतलीच होती बाजू, कळलं होतं मला मीठ, असं म्हटलं की झालं. या सगळ्या महिन्यांत अशी वाक्यं तिला पाठ झाली होती. प्रत्येक वाक्य न अडखळता बाहेर पडत असे. तिने धाकटीकडे बघितलं. धाकटी पडद्याकडे बघत होती.

“चव नव्हती कळली,” थोरली म्हणाली. “भाऊजींनी ताट सरकवलं, ते दिसलं. आणि तुझा हात. वाढायची पळी धरून तशीच उभी राहिली होतीस. भाऊ बघत होता तुझ्याकडे. म्हणून म्हटलं.”

“आणि चव कळली असती तर?”

थोरलीने विचार केला. खरंच विचार केला. धाकटीच्या हातातली ती पळी, पांढरं पडलेलं तोंड, आणि आपण जिभेवर घास घोळवत बसलेल्या. तेव्हा समोर कोण उभं आहे, ते दिसलं असतं का?

“तर म्हटलं असतं,” ती म्हणाली, “मीठ जास्त झालंय.”

 धाकटीचे खांदे एकदा हलले. हसली की हुंदका आला, ते थोरलीला कळलं नाही, आणि मान वळवून बघायचं तिला धाडस झालं नाही.

पडद्यामागून नर्स बाहेर आली. तिच्या हातात ट्रे होता. “शुद्धीवर आहेत. प्रेशर जरा वर येतंय. एकानेच आत यायचं, बोलायला लावायचं नाही.”

दोघी एकदमच उठल्या. मग थोरली खाली बसली.

धाकटी पडद्यापर्यंत गेली, थांबली आणि परत आली. तिने बाकावरची पर्स उचलली. एक क्षण ती पर्स हातात धरून उभी राहिली, बरोबर न्यावी की काय असा विचार करत असल्यासारखी. मग तिने ती थोरलीच्या मांडीवर ठेवली.

“यात घराची किल्ली आहे,” ती म्हणाली. आवाज कोरडाच होता. “हरवू नका.”

ती आत गेली. पडदा पुरता मिटला नाही. फटीतून एक पांढरी चादर दिसत होती आणि तिच्यावर सुई टोचलेला हात. मग दिराचा आवाज आला. फार बारीक, पण त्रासिक.

“हा झगा कुणी शिवलाय गं? एक टीप सरळ नाही.”

“गप्प पडा,” धाकटी म्हणाली.

बाहेर थोरली दोन्ही हातांनी पर्स धरून बसली होती.